घड्याळ एक, दिवस दोन: साक्री आणि डूमडूमा

आज बोलायचंय ते वेळेबद्दल. वेळ पुरत नाही ही आपली रोजचीच कुरकुर, पण आज ती नाही. घड्याळात वाजतात ती वेळ आणि डोक्यावर असतो तो सूर्य, या दोघांचं आपसात किती जमतं, ते पाहू.

आपल्या खान्देशातली पोरं लष्करात आणि सीमेवरच्या दलांत बरीच आहेत. कुणाचा मुलगा आसामात, कुणाचा जावई अरुणाचलात. हिवाळ्यात त्यांचा फोन आला की एक गोष्ट हमखास ऐकू येते. आपण साडेचार वाजता कापसाच्या वावरात असतो, ऊन अजून पाठीवर असतं, आणि तो तिकडून सांगतो, "आई, इथं अंधार पडला." आई विचारते, "तुझ्या घड्याळात किती वाजले?" तो म्हणतो, "साडेचारच." आईला वाटतं, पोरगं थट्टा करतंय. पण ते खरंच सांगत असतं.

हे समजून घ्यायला दोन गावं घेऊ. एक आपलं, धुळे जिल्ह्यातलं साक्री. दुसरं आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातलं डूमडूमा, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं. दोन्ही छोटी, बाजारपेठेची गावं. सरळ रेषेत मोजलं तरी दोघांत सव्वादोन हजार किलोमीटरचं अंतर. पण सरकारी घड्याळ दोन्हीकडे एकच.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. चोवीस तासांत एक फेरा. फेरा म्हणजे ३६० अंश. चोवीस तासांची मिनिटं होतात १४४०. भागाकार केला तर एका अंशाला चार मिनिटं येतात. म्हणजे आपल्यापेक्षा एक अंश पूर्वेला असलेल्या गावात सूर्य आपल्या चार मिनिटं आधी उगवतो आणि आधीच डोक्यावर येतो. साक्री ७४ अंशांच्या थोडं पुढे आहे, डूमडूमा साडेपंच्याण्णव अंशांवर. फरक सव्वाएकवीस अंशांचा. चाराने गुणा: पंच्याऐंशी मिनिटं. साक्रीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा डूमडूमात तो माथ्यावरून ढळून जवळजवळ दीड तास झालेला असतो.

आता जळगाव आणि धुळे घ्या. जळगाव धुळ्याच्या पूर्वेला पाऊण अंशापेक्षा थोडं जास्त, म्हणून तिथे सूर्य तीन मिनिटं आधी. तीन मिनिटांनी काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. आपल्या गटातल्या मुस्लिम मैत्रिणींना विचारा. रमजानमध्ये सहेरी-इफ्तारचं छापील वेळापत्रक त्यांच्या घरात लावलेलं असतं, आणि ते गावागणिक वेगळं असतं. जळगावचा कागद धुळ्यात चालत नाही. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मात्र आपण तेवढं बारकाईने बघत नाही. तिच्यात सूर्योदय बहुतेक वेळा मुंबईचा दिलेला असतो. जळगावात सूर्य त्याच्या आधी उगवतो, ऋतूप्रमाणे सात ते चौदा-पंधरा मिनिटं आधी. सूर्योदयावरून मुहूर्त धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग सगळ्या देशाचं घड्याळ लावलं तरी कशावरून? उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून साडेब्याऐंशी अंशांची रेघ जाते. तिथल्या सूर्यावरून. त्या रेघेवर साधारण बाराला बारा वाजतात. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून आपले खरे बारा उशिरा वाजतात. जळगावात सरासरी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, धुळ्यात बारा एकतीसला, साक्रीत बारा तेहतीसला. डूमडूमात अकरा वाजून आठ मिनिटांनीच. सरासरी म्हणते, कारण सूर्यही वर्षभर घड्याळासारखा नेमका चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यावर चौदा मिनिटं मागे. त्यामुळेच एक गंमत होते. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, तरी सकाळ सर्वांत उशिरा होते ती संक्रांतीच्या सुमाराला. तिळातिळाने दिवस वाढतो म्हणतात, पण आधी वाढते ती संध्याकाळ. पहाटे उठून चूल पेटवणारीला त्याचा फायदा जानेवारी सरेपर्यंत दिसत नाही.

तुम्हाला पडताळून बघायचं असेल तर अंगणात एक सरळ काठी रोवा. काठीच्या बुडाला दोरी बांधून तिच्याभोवती खडूने किंवा राखेने गोल काढा. दुपारच्या आधी काठीची सावली आखडत येते. तिचं टोक गोलाला शिवलं की वेळ लिहून ठेवा. दुपारनंतर सावली लांबत जाऊन परत गोलाला शिवेल, तीही वेळ लिहा. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे तुमच्या गावचे खरे बारा. समजा एप्रिलच्या मध्याला जळगावात सावली अकराला शिवली, तर दुसऱ्यांदा ती एक छप्पन्नच्या सुमारास शिवेल. मध्य बारा अठ्ठावीस. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मात्र वेगळंच दिसेल. आपल्याकडे त्या सुमारास दुपारी बारा पंचवीस-तीसच्या दरम्यान काठीची सावली एखादा दिवस नाहीशीच होते. सूर्य अगदी टाळूवर असतो. शाळेतल्या पोरांना हे जरूर दाखवा.

जुन्या बाया घड्याळाशिवाय चालवत होत्या. तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, न्याहारीची वेळ झाली, गुरं परतली, दिवेलागण झाली. या सगळ्या वेळा गावच्या उन्हाच्या होत्या, आणि प्रत्येक गावाचं ऊन आपापलं. घोळ सुरू झाला आगगाडीमुळे. गाडीला सगळ्या स्टेशनांत एकच वेळ हवी. तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. हिशेब केला तर भुसावळच्या स्टेशनातलं घड्याळ गावच्या उन्हापेक्षा अठरा मिनिटं पुढे. मुंबईची वेळ आणखी वेगळी, मद्रासच्या अर्धा तास मागे. शेवटी इंग्रज सरकारने १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. आपल्यासाठी ते साल दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचं आहे. त्याच १९०६ मध्ये एकसंध खानदेश जिल्हा फोडून पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे केले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. जिल्हे दोन झाले आणि घड्याळ एक.

मुंबईकरांनी ते सुखासुखी मानलं नाही. नव्या वेळेने घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे गेलं, म्हणजे कामगाराला तेवढं आधी, अंधारात घर सोडावं लागणार. गिरणी कामगारांनी त्याच जानेवारीत याविरुद्ध आरडाओरडा केला. मुंबई शहरात जुनी वेळ पुढे कितीतरी वर्षं टिकली, थेट १९५५ पर्यंत. दुसऱ्या महायुद्धात तर १९४२ ते १९४५ देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे केलं होतं. त्या काळात साक्रीत सूर्य माथ्यावर यायचा तेव्हा घड्याळात दीड वाजून गेलेला असायचा. म्हणजे वेळ ही काही आकाशातून पडत नाही. माणसं बसून ती ठरवतात, आणि ती कुणाच्या सोयीने ठरली हे बघावं लागतं.

आता डूमडूमाला जाऊ. जूनच्या २१ तारखेला तिथे सूर्य उगवतो सव्वाचारच्या आत. साक्रीत तेव्हा काळोख असतो, आपला सूर्योदय पाच बावन्नला. संध्याकाळी तिथे सहाच्या थोडं पुढे सूर्य मावळतो, आपल्याकडे सव्वासातला. डिसेंबरच्या २१ तारखेला तिथे चार अठराला सूर्य बुडतो, साक्रीत सहाला तीन मिनिटं कमी असताना. फोनवर जवान सांगतो तो अंधार हाच.

तिथल्या मळ्यांत पानं खुडायचं काम मुख्यतः बायांचं. त्यांच्या पणज्या-आज्यांना एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, ओडिशा अशा भागांतून कामाला नेलं, आणि त्या तिथल्याच झाल्या. पाठीवर टोपली किंवा पोतं, हाताने दोन पानं आणि एक कळी खुडायची, दिवसातून दोन-तीनदा काट्यावर वजन द्यायचं. मार्चपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हा हंगाम. पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी पट. आपल्याकडे पाऊस पडला तर वावरातून सुट्टी, तिथे पावसातही खुडणी चालते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मळ्यांत रोज २५० रुपये झाला. ते वाचून आपल्या कापूस वेचणीच्या दराशी तुमची तुलना सुरू झाली असेल, पण तिथे रोजाबरोबर घर, रेशन, दवाखाना हेही हिशेबात धरतात. ते मिळतं कसं, हा वेगळा विषय.

या मळेवाल्यांनी सरकारी घड्याळावर एक तोड काढली आहे, आणि ती इंग्रजांच्या वेळेपासून चालत आली आहे. मळ्याचं घड्याळ एक तास पुढे. त्याला तिथे बागान टाइम म्हणतात. रस्त्यावरच्या दुकानात सात वाजले असतील तेव्हा मळ्याच्या घंटेवर आठ. सरकारी वेळ आणि मळ्याची वेळ, दोन्ही लोक डोक्यात ठेवतात. बसचं तिकीट सरकारी वेळेने, कामाची हजेरी मळ्याच्या वेळेने.

आता हे आकडे मळ्याच्या घड्याळाने परत सांगते. जूनमध्ये सूर्योदय सव्वापाचच्या आत, सूर्यास्त सातच्या पुढे. डिसेंबरमध्ये सकाळी सातच्या आत, संध्याकाळी सव्वापाचच्या पुढे. ऐकायला बरंच आपल्यासारखं वाटतं ना? डूमडूमा उत्तरेला असल्यामुळे तिथला हिवाळी दिवस आपल्यापेक्षा अर्धा तास लहान, एवढं सोडलं तर बागान टाइमने त्यांचा दिवस आपल्या दिवसाजवळ येतो. एक तास पुढे केलेल्या घड्याळात त्या बाया उजेड असताना खुडतात आणि उजेड असताना घरी जातात. हे साधं नाही. मळ्यांच्या त्या पट्ट्यात अंधार पडला की हत्ती उतरतात. संध्याकाळी तासभर उजेड मिळणं आणि न मिळणं यात जिवाचा प्रश्न असतो.

आपला प्रश्न उलट आहे. आपलं घड्याळ आधीच उन्हाच्या अर्धा तास पुढे आहे. आपल्याला त्रास अंधाराचा नाही, उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सरकारी सूचना येते की दुपारी बारा ते तीन बाहेर जाऊ नका. सूचना सगळ्या देशाला एकच. पण साक्रीत बाराला सूर्य अजून चढतोय, माथ्यावर यायला अर्धा तास आहे. आणि जमीन तापून हवा सर्वांत गरम होते ती सूर्य माथ्यावरून गेल्यावर दोन-तीन तासांनी. म्हणजे आपल्याकडे तीनला धोका टळत नाही, साडेतीन-चारलाही तो असतोच. सूचना वाचून जी बाई तीनला परत निंदणीला जाते ती ऐन तापात जाते. आपल्या भागात ती वेळ साडेबारा ते साडेचार धरावी, असं माझं मत आहे. गरोदर बाई, म्हातारं माणूस आणि लहान मूल यांच्यासाठी तर पाचपर्यंत.

दुसरा हिशेब सकाळचा. सूर्य माथ्यावर साडेबाराला, तर सकाळी साडेआठचं ऊन आणि दुपारी साडेचारचं ऊन सारखंच तिरपं. पण सकाळी जमीन रात्रभर निवलेली असते, दुपारी भाजलेली. म्हणून उन्हाळ्यात सहा ते बारा हे सहा तास अकरा ते पाच या सहा तासांपेक्षा किती तरी बरे. पुरुषांनी हे कधीच ओळखलंय, केळीची कटाई पहाटे सुरू होते ती उगीच नाही. तरी आपल्या बऱ्याच गावांत बायांची रोजंदारी दहा-अकराला भरते आणि पाच-साडेपाचला सुटते. का? बाईला सहाला निघायचं तर पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, लेकराला अंगणवाडीत कोण सोडणार? घरचं आवरता आवरता दहा वाजतात आणि ती भर उन्हात कामाला उभी राहते. वावराचं घड्याळ बदलण्याआधी घरातलं बदलावं लागतं.

इथे डूमडूमाचं एक शिकण्यासारखं आहे. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने, जिथे पन्नासहून अधिक बाया कामाला, तिथे पाळणाघर बांधून द्यायची सक्ती मळेवाल्यावर केली. सगळीकडे ती पाळणाघरं चांगली चालली असं मी म्हणणार नाही. पण लवकर कामाला जाणाऱ्या बाईचं मूल कुठे राहील, हा प्रश्न तिथे कायद्यात लिहिला गेला. आपल्या वावरात मूल बांधावर झोळीत असतं, आणि मे महिन्यात त्या झोळीची सावलीही सरकते.

एक गोष्ट मुलांच्या झोपेची. मौलिक जगनानी नावाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने भारतातल्या मुलांची झोप आणि सूर्यास्ताची वेळ यांचा ताळा घातला. त्याला आढळलं की सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथे मुलं साधारण अर्धा तास कमी झोपतात. कारण सोपं आहे. पोर झोपतं अंधार पडल्यावर, घर शांत झाल्यावर. शाळेची घंटा मात्र पूर्वेला आणि पश्चिमेला सारखीच वाजते. पश्चिमेकडचं मूल उशिरा झोपतं आणि उठतं तितक्याच वाजता. गरिबाच्या घरात हा फरक जास्त पडतो, कारण तिथे एकाच खोलीत सगळे, पंखा नाही, शांतता नाही. आपण पश्चिमेकडचे, हे विसरू नका. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, तेही मुलांच्या झोपेचं कारण देऊनच. तुमच्या गावची शाळा कितीला भरते, ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. उन्हाळ्यात सकाळची शाळा ठेवतात तेव्हा मुलांना रात्री कितीला झोपवायचं, हेही तिथेच बोलता येईल.

देशाला दोन घड्याळं का देत नाहीत, असं कुणी विचारेल. मागणी जुनी आहे. २०१४ मध्ये आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी आसामसाठी वेगळी वेळ हवी असं जाहीर केलं होतं. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी प्रस्ताव मांडला की आसाम आणि बंगालच्या सीमेवर रेघ ओढावी, पूर्वेला एक तास पुढची वेळ द्यावी. देशाची वेळ राखण्याचं कामच या प्रयोगशाळेकडे आहे, म्हणून त्यांचं म्हणणं वजनदार. सरकारने ते मानलेलं नाही. दोन वेळा आल्या तर सीमेवर गाड्यांचे घोळ होतील, बँका आणि कचेऱ्या जुळणार नाहीत, देशाचे दोन भाग पडल्यासारखं होईल, असे आक्षेप आहेत. शेजारचा नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे आणि सीमेवरची माणसं दोन्ही हिशेब सांभाळतात, हेही खरं. मला विचाराल तर ईशान्येकडच्या लोकांची मागणी रास्त वाटते. खान्देशाला मात्र दुसऱ्या घड्याळाची गरज नाही. अर्धा तासच मागेपुढे, तेवढं आपण आपल्या वेळापत्रकात बसवू शकतो.

ते बसवणं गटाच्या हातात आहे. उन्हाळ्यातल्या रोजंदारीची वेळ शेतमालकाशी बोलताना एकट्या बाईचं कुणी ऐकत नाही, दहा-बारा जणी एकत्र गेल्या की ऐकतात. सहा ते बारा किंवा साडेसहा ते साडेबारा, पूर्ण रोजावर, असं मार्चमध्येच ठरवून घ्या. मे उजाडल्यावर घासाघीस करायला वेळ राहत नाही. त्याच बैठकीत सकाळच्या दोन-तीन तासांत कुणाच्या घरी लहान मुलं सांभाळली जातील, त्या बाईला प्रत्येकीने किती द्यायचं, तेही लिहून काढा. नळाला पाणी कितीला सोडायचं, हे ग्रामपंचायतीला सांगा. पाणी आठला आलं तर सहाला कामावर जाता येत नाही. ग्रामसभेत हा मुद्दा लेखी द्या, तोंडी दिलेला कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे. हिवाळ्यात कापूस वेचणीला मात्र लवकर जाऊन उपयोग नाही. दव सुकल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही, आणि दव उन्हाने सुकतं. तिथे आठ-साडेआठ धरून चाला.

आणि ज्यांची पोरं तिकडे पूर्वेला आहेत, त्यांनी रात्रीचा फोन जरा लवकर करावा. आपल्याकडे साडेआठला जेवणं आटोपतात तेव्हा तिथे रात्र बरीच सरकलेली असते, आणि पहाटे चारला त्यांच्या खिडकीत उजेड येतो.